सलग जागा

हिंदुराव खराडे पहिल्यांदा अडकले ते 'भाकरी'वर.

सकाळी साडेनऊची वेळ. त्यांची बायको मालन खिडकीशी शिलाई मशीनवर ब्लाउजला बाह्या लावत होती आणि हिंदुराव पलंगावरून तिला सांगत होते, "शेजारी कुणीतरी चुलीवर भा..." आवाज तिथंच तुटला. मालनने मशीन थांबवून मागे पाहिलं. त्यांचे डोळे तिच्याकडेच लागले होते. ते पुढचं बोलायचा प्रयत्न करत होते, एवढं तिला कळत होतं. अकरा मिनिटांनी आवाज आला, पण तो हिंदुरावांचा नव्हता. "पेटी पुन्हा सुरू होत आहे," असं एका अनोळखी बाईच्या आवाजात ऐकू आलं.

हिंदुरावांचं स्वतःचं तोंड तीन वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. त्याआधी तीस वर्षं ते कुस्तीच्या मैदानांचे निवेदक होते. सांगली, सातारा, सोलापूर, जिथं आखाड्याची लाल माती पडेल तिथं माइकवर हिंदुराव. दोन पैलवान नुसते खडाखडी करत उभे असले तरी हिंदुराव अर्धा तास पब्लिकला जागेवरून हलू देत नसत. मग दोन हजार एकोणचाळीस साली त्यांच्या हातातला माइक वारंवार गळून पडायला लागला. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा मरत जाण्याचा आजार होता तो. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ.

मिरजेच्या इस्पितळात त्यांना पेटी बसवली. मेंदूच्या पृष्ठभागावर पोस्टाच्या तिकिटाएवढा तारांचा पातळ पत्रा, आणि त्याला जोडलेला, काड्यापेटीएवढा संगणक खांद्याजवळ कातडीखाली. माणूस एखादा शब्द बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूत त्या शब्दाचा एक ठसा उमटतो. पेटीने तो ठसा ओळखायचा आणि शब्द मोठ्याने म्हणायचा. अक्षराला अक्षर जोडून बोलणं तिला जमत नव्हतं, कारण उच्चारांची जागा आजाराने आधीच पोखरली होती. उरला होता तो अख्ख्या शब्दाचा ठसा. सहा हजार दोनशे शब्द तिला एकेक करून शिकवले होते. आवाज जुन्या मैदानांच्या रेकॉर्डिंगवरून घेतला होता, त्यामुळे हिंदुरावांनी पाणी मागितलं तरी ते दहा हजार माणसांना ऐकवल्यासारखं वाटे.

'भाकरी'नंतर त्याच आठवड्यात पेटी चार वेळा बंद पडली. बनवणारी कंपनी वर्षभरापूर्वीच गुंडाळली गेली होती. जाताना तिने प्रत्येक कुटुंबाला देखभालीचा एक लॅपटॉप आणि एक केबल तेवढी दिली होती. मिरजेच्या डॉक्टर समीना मुजावर म्हणाल्या, "मालनताई, यातलं मला कळत नाही. पण सांगलीला भूपाल तेरदाळे म्हणून एक गृहस्थ आहेत. वय बहात्तर. इतकी जुनी यंत्रणा समजणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही."

तेरदाळ्यांना सगळे अण्णा म्हणत. तरुणपणी त्यांनी सांगलीच्या एका छापखान्यासाठी मराठी अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहिला होता. तेव्हाच्या संगणकाला सहाशे चाळीस किलोबाइटच्या पलीकडचं काही दिसत नसे. आजच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा तेवढ्यात बसणार नाही. त्यात अण्णांनी अख्खी बाराखडी, जोडाक्षरं आणि छापखान्याचं वार्षिक पंचांग बसवलं होतं. ते खराड्यांच्या घरी पलूसला आले, केबल जोडली, आणि तासभर पडद्याकडे बघत बसले.

"पेटीतली जागा भरलीय," ते शेवटी म्हणाले.

"मग वाढवा की," मालन म्हणाली. "आता काडीएवढ्या चिपमध्ये दुनिया मावती म्हणत्यात."

"जागा ढीगभर आहे हो वहिनी. पण हिला ती दिसत नाही." अण्णांनी चष्मा काढला. "संगणकाच्या आठवणीत खण असतात, आणि प्रत्येक खणाला नंबर असतो. हिच्या आत जी कार्यप्रणाली आहे ती तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. नंबर लिहायला तिच्याकडे बत्तीसच घरं, आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक. त्यातून जास्तीत जास्त चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे शहाण्णव नंबर होतात. त्यापुढच्या खणाला नंबरच देता येत नाही. जो नंबर लिहिता येत नाही तो खण असून नसल्यासारखा. त्यातही निम्मी जागा प्रणाली स्वतःसाठी राखून ठेवते."

"एवढी जुनी कशाला घातली मग?"

"माणसाच्या अंगात बसवायच्या वस्तूला परवानगी मिळायला वर्षानुवर्षं जातात. नवीन प्रणालीची खात्री कोण देणार? ही जगभर वापरून झालेली. जुनी म्हणून खात्रीची."

अडचण शब्दांच्या संख्येची नव्हती. आजार मेंदूत पुढे सरकत होता, तसे ठसे बदलत होते. काल 'पाणी' जसं उमटलं तसं आज उमटत नव्हतं. म्हणून पेटी दर रात्री प्रत्येक शब्दाची दुरुस्ती लिहून ठेवायची, आणि ती दुरुस्ती जुन्या ठशाच्या आधाराने लिहिलेली असल्यामुळे जुनं फेकून देता येत नव्हतं. एकेका शब्दाच्या मागे अडीच वर्षांचं शेपूट लागलं होतं. दुसरी पेटी बसवायची म्हणजे भूल द्यावी लागणार, आणि हिंदुरावांची फुप्फुसं भुलेतून परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

"मग आता काय करायचं?"

"दर शनिवारी थोडे शब्द काढून टाकायचे. राहिलेल्यांना जागा होईल."

लॅपटॉपवर शब्दांची यादी दिसे. जो शब्द सर्वांत जास्त दिवस वापरला नाही तो सर्वांत वर. जुन्या संगणकांची हीच रीत असते, अण्णांनी सांगितलं. जागा कमी पडली की वापरात नसलेलं आधी बाहेर.

पहिले काही शनिवार हसण्यात गेले. मालन वाचायची आणि हिंदुराव निकाल द्यायचे.

"'नेपाळ'?"

"काढ. आता तिथं कुठलं मैदान."

"'व्याही'?"

"ठेव. पोरीचं लगीन व्हायचंय."

"'उपोषण'?"

"काढ."

"'चप्पल'?"

"काढ," हिंदुराव म्हणाले.

कुस्तीच्या डावांना मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. धोबीपछाड, ढाक, घिस्सा, एकलंगी, कलाजंग ही सगळी नावं यादीत वर येत राहिली आणि मालन ती ओलांडून खाली जात राहिली. दिवाळीपर्यंत सहा हजारांचे अकराशे झाले. हिंदुराव आता आडवळणाने बोलायला शिकले होते. 'कोथिंबीर' गेल्यावर ते 'हिरवं वरचं' म्हणत. 'गुरुवार' गेल्यावर 'बुधवार मागचा' म्हणत, आणि तो पुढचा की मागचा यावर दोघांची हुज्जत होई.

जानेवारीत श्वास गेला. गळ्याला छिद्र पाडून श्वासाचं यंत्र जोडलं. तोवर हो-नाही सांगायला पापण्या तरी होत्या. फेब्रुवारीत त्या सैल पडल्या आणि नर्सने डोळे कोरडे पडू नयेत म्हणून चिकटपट्टीने त्या बंद ठेवायला शिकवलं. आता शब्द तेवढेच उरले.

आणि एका सकाळी, ती नळीतून दूध घालत असताना, हिंदुराव म्हणाले, "मालन. सोडवा."

तिला वाटलं नळी ओढली जातेय. तिने नळी सैल केली.

"मालन. कुस्ती. सोडवा."

मैदानात दोन पैलवान तासभर एकमेकांत अडकून पडले, कुणीच कुणाला चीत करू शकेना, की पब्लिक ओरडायला लागतं, सोडवा, सोडवा. मग पंच दोघांना वेगळं करतात आणि कुस्ती बरोबरीत सुटते. हा शब्द तिने माइकवरून हजारदा ऐकला होता. तिने दूध संपवलं, नळी धुतली आणि परत मशीनवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा म्हणाले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर मुजावरांसमोर म्हणाले.

डॉक्टरांनी मालनला बाहेर ओसरीवर नेलं. "त्यांनी आधी काही लिहून ठेवलं होतं का? श्वासाचं यंत्र लावू नका, वगैरे?"

"न्हाई. म्हणाले, पैलवान आधीच हार लिहून देत न्हाई."

"मग श्वासाचं यंत्र काढायचं असेल तर नव्या नियमाप्रमाणे समिती घरी येईल. ते विचारतील. यंत्राने बोलणाऱ्या माणसाने एकाच बैठकीत तीनदा, स्वतःच्या शब्दांत मागणं मागायला लागतं. घरच्यांचा शब्द धरत नाहीत. मी तारीख घेते."

तारीख अकरा मार्च मिळाली. त्याआधीच्या शनिवारी मालन एकटीच लॅपटॉप घेऊन बसली. हिंदुराव झोपले होते. यादीच्या टोकाला 'आरसा', 'वीट', 'सासर' होते. तिने ते काढले. 'सोडवा' फार खाली होता, कारण तो रोज वापरात होता. तिने यादी खालपर्यंत सरकवत नेली. तिला दुसरं काहीच सुचत नव्हतं, एवढंच दिसत होतं की अकरा तारखेनंतर ह्या खोलीत श्वासाच्या यंत्राचा आवाज नसेल आणि ती ब्लाउज शिवत बसलेली असेल. तिने शब्द निवडला. पडद्यावर प्रश्न आला, काढायचा का. तिने बटण दाबलं. मग 'पुरे' काढला, आणि 'बास', आणि 'मरण'.

समितीत तिघं होते. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, पांढरा झब्बा घातलेले, हळू बोलणारे. ते पलंगाशी खुर्ची ओढून बसले. "हिंदुराव, मी तुमची मैदानं ऐकलीत. घाई करू नका. तुमची काय इच्छा आहे ते सांगा."

न ओळखता येणारा ठसा आला की पेटी नुसती टक् करायची. आता ती टक् करत राहिली. सगळे वाट बघत थांबले. टक्. टक्. मालन दारात पदर मुठीत धरून उभी होती. पुष्कळ वेळाने शब्द आला.

"मालन."

"त्या इथंच आहेत," अध्यक्ष म्हणाले. "तुमची इच्छा सांगा."

टक्.

"मालन. तू." मग बराच वेळ काहीच नाही. मग मैदानभर ऐकू जाईल अशा त्या आवाजात, "कळलं."

समितीने लिहिलं, स्पष्ट इच्छा व्यक्त झाली नाही.

त्यानंतर नऊ दिवस पेटीने ना शब्द काढला ना टक् केलं. मालन दूध घालायची, कूस बदलायची, पाठ पुसायची आणि वाट बघायची. नवव्या दिवशी ती पलंगाच्या कडेवर बसून म्हणाली, "मी काढला तो शब्द. मला न्हाई जमलं." तिने अण्णांना फोन करून बोलावलं आणि त्यांनाही सगळं सांगितलं.

अण्णा रागावले नाहीत. "काढलेला परत येत नाही वहिनी. नव्याने शिकवावा लागेल. आणि आता त्यांचा मेंदू थकलाय. ठसा इतका फिकट उमटतो की पेटीला तो शेकडो बाजूंनी बघून ठेवावा लागेल. पूर्वीच्या कित्येक शब्दांची जागा त्या एकाला लागेल."

"किती?"

अण्णांनी कागदावर गणित करून दाखवलं. आज पेटीत तीनशे बारा शब्द होते. तो एक शब्द हवा असेल तर तीस ठेवून बाकीचे सगळे द्यावे लागणार होते.

मालनने ते हिंदुरावांना जसंच्या तसं सांगितलं. "तीसच राहतील. ते एकतिसावं."

"व्हय." नऊ दिवसांनंतरचा पहिला शब्द.

"डाव बी जातील. सगळे."

"व्हय."

"आश्लेषाचं नाव जाईल. 'पोरी' बी जाईल. दुखणं, पाणी, उशी असलंच ठेवायला लागंल, न्हाईतर मला कळायचं कसं."

श्वासाचं यंत्र दहा-बारा वेळा वरखाली झालं. "व्हय," हिंदुराव म्हणाले.

आश्लेषा, त्यांची एकुलती मुलगी, नाशिकला नोकरीला होती. मालनने तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, मी दर रविवारी फोन करते. पप्पा मला नावाने हाक मारतात आणि मग काहीच बोलत नाहीत, नुसतं ऐकतात. तेवढंच असतं आमचं. तेही काढणार तू?"

"त्यांनीच सांगितलं."

"तू आधी जे काढलंस ते कुणी सांगितलं होतं?"

फोन बंद झाला. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

शब्द एकाच दुपारी काढले. मालन मोठ्याने वाचत होती, निरोप दिल्यासारखी. डाव तिने शेवटी ठेवले. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. मालन म्हणायची, "सोडवा," आणि हिंदुराव मनात म्हणायचे. सकाळी शंभर वेळा, दुपारी शंभर वेळा. ज्या शब्दाने ती हादरली होती तो आता तीच दिवसातून दोनशे वेळा उच्चारत होती. चौथ्या आठवड्यात तो तिला नुसता आवाज वाटायला लागला. पाच आठवड्यांनी लॅपटॉपने सांगितलं, ठसा पुरेसा झाला. अण्णांनी तो पेटीत चढवायला घेतला.

पडद्यावर आलं, 'जागा अपुरी.'

"हे कसं?" मालन म्हणाली. "पावणेतीनशेच्या वर काढले की."

अण्णांनी पेटीतल्या जागेचा नकाशा उघडला. काळ्या पट्टीवर पांढरे ठिपके विखुरले होते, तीसच, पण टोकापासून टोकापर्यंत. "जागा आहे," ते म्हणाले. "मोजली तर पुरून उरेल. पण सलग नाही. जे शब्द राहिले ते जिथल्या तिथं आहेत आणि मधेमधे मोकळ्या फटी. हा ठसा तोडून ठेवता येत नाही, त्याला एकच अखंड जागा लागते."

मालनला ते लगेच समजलं. तिच्या मशीनखाली चिंध्यांचं पोतं होतं. चिंध्या मापायला घेतल्या तर दहा-वीस मीटर भरल्या असत्या, पण त्यातून एक नऊवारी निघाली नसती. "म्हणजे ते सगळे उगाच गेले?"

अण्णांनी देखभालीची यादी खालपर्यंत सरकवली. "एक करता येतं. पेटी बंद करायची, तीसच्या तीस शब्द उचलून एका कडेला सारायचे, मग परत सुरू करायची. कंपनीने ही सोय ठेवलीय, पण तिच्यावर लिहिलंय, असुरक्षित. का ते लिहिलेलं नाही."

हिंदुरावांना विचारलं. ते म्हणाले, "व्हय."

पेटी चाळीस मिनिटं बंद होती. मग त्या अनोळखी बाईचा आवाज आला. अण्णांनी नवा शब्द चढवला आणि या वेळी तो बसला. मालनने हिंदुरावांच्या कपाळावर हात ठेवला.

"उशी," हिंदुराव म्हणाले.

तिने उशी नीट केली.

"उशी."

तिने उशी काढली. घातली. दुसरी आणली.

"उशी. उशी. दूध."

दूध दिलं तर "दूध" म्हणतच राहिले. शेवटी पंखा बंद केल्यावर ते थांबले. दुपारी पंखा लावला तर म्हणाले, "पाय." मालन पाय चोळत बसली. ते "पाय" म्हणत राहिले.

अण्णांनी दोन दिवस मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी घास खाली ठेवला. "शब्द नव्या जागी गेले," ते म्हणाले, "पण त्यांचे जुने पत्ते यंत्रात आणखी कुठे कुठे लिहिलेले होते. ते तसेच राहिले. टपालवाला जुन्याच दारात पत्र टाकतोय, आणि आता त्या घरात दुसरंच कुणीतरी राहतंय. ते पाणी म्हणतात, बाहेर उशी येते."

"मग आपण वहीत लिहून ठिवू. उशी म्हणजे पाणी."

"रात्रीची दुरुस्ती झाली की घरं पुन्हा हलतात. उद्या पाण्याला दार म्हणेल. परवा आणखी काही. आणि ती दुरुस्ती थांबवली तर चार दिवसांत एकही शब्द राहणार नाही." त्यांनी हात धुतले, पण टॉवेल घेतला नाही. "आधीची नक्कल ठेवायला या प्रणालीत जागाच नव्हती. मी वेगळी सोय करायला हवी होती. मला सुचलं नाही, वहिनी."

जूनमध्ये समिती पुन्हा आली. तारीख आधीच घेतलेली होती. त्या दिवशी सकाळी मालन त्यांचं तोंड ओल्या फडक्याने पुसत होती तेव्हा हिंदुराव दोनदा म्हणाले होते, "सोडवा. सोडवा." पुसून झाल्यावर ते थांबले होते. तिने हे कुणालाच सांगितलं नाही.

अध्यक्षांनी तोच प्रश्न विचारला. लगेच उत्तर आलं, ठणठणीत.

"सोडवा."

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. "सोडवा." तिसऱ्यांदा विचारलं. "सोडवा."

समितीतल्या दुसऱ्या सदस्य, पुण्याहून आलेल्या डॉक्टर, कागद चाळत म्हणाल्या, "यंत्रात मधे बिघाड झाला होता असं दिसतंय. यंत्राचा शब्द हा रुग्णाचाच शब्द आहे, असं कुणीतरी प्रमाणित करावं लागेल. तंत्रज्ञ किंवा रोज सोबत राहणारं माणूस."

मालन आणि अण्णा ओसरीवर गेले.

"तीनदा एकच शब्द आला," अण्णा म्हणाले. "म्हणजे तीनदा एकच विचार होता, एवढं नक्की. कुठला, ते मी सांगू शकत नाही. मी सही करणार नाही वहिनी."

"माझी चालंल?"

"चालेल."

"त्यांना तेच पायजे होतं, अण्णा. मार्चमध्ये पायजे होतं. तवा मी दिलं न्हाई."

"मार्चमध्ये हवं होतं, हे खरं," अण्णा म्हणाले.

ती आत गेली आणि तिने सही केली.

सहा दिवसांनी मिरजेच्या इस्पितळात, सकाळी अकरा वाजता, डॉक्टर मुजावरांनी हिंदुरावांच्या शिरेत झोपेचं औषध सोडायला घेतलं. ते लागल्यावर श्वासाचं यंत्र हळूहळू कमी करायचं होतं. आश्लेषा नाशिकहून आली होती आणि वडिलांचा पंजा दोन्ही हातांत धरून बसली होती. ती आईशी बोलली नव्हती. औषध अर्धं गेलं असेल.

"नको," हिंदुराव म्हणाले.

डॉक्टरांचा हात थांबला.

"नको."

आश्लेषाने आईकडे पाहिलं. "तो 'नको' नसंल," मालन म्हणाली. "काहीपण असंल. हात धरलेला आवडला म्हणत असतील. पाणी असंल."

डॉक्टरांनी नळी बंद केली. "मालनताई, पेटीचा शब्द त्यांचाच आहे, असं तुम्ही लिहून दिलंय. मग हाही त्यांचाच. मला पुढे जाता येणार नाही."

"आणि त्यांचा नसंल तर?"

"तर त्या दिवशीचाही नव्हता," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी तक्त्यावर वेळ लिहिली आणि खाली सही केली. अर्ज रद्द झाला. यंत्राची नोंद अविश्वसनीय म्हणून झाली, त्यामुळे त्याच्या बळावर पुन्हा अर्ज करता येणार नव्हता.

त्यांना पलूसला परत आणलं. आश्लेषा दोन दिवस राहिली. जाताना तिने वडिलांच्या कानाशी वाकून स्वतःचं नाव सांगितलं. पेटी टक् म्हणाली.

मालनने एकतीस शब्द मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवले. हिंदुराव काहीही बोलले की ती पहिल्यापासून सुरुवात करायची. पाणी. दूध. उशी. पंखा. दार उघडायची, लावायची. कूस. रेडिओ. एकेक गोष्ट करायची आणि शब्द थांबतो का बघायची. 'मालन' आला की पापण्यांची पट्टी काढून त्यांच्यासमोर, डोळ्यांच्या रेषेत येऊन बसायची. 'सोडवा'ला ती नुसती उभी राहायची आणि मग यादीतल्या पुढच्या शब्दाकडे जायची. कधी सहाव्या गोष्टीला शब्द थांबे, कधी पंचविसाव्याला. कधी थांबतच नसे, आणि तेव्हा ती पुन्हा वरून सुरू करायची. गिऱ्हाइकं हळूहळू दुसऱ्या शिंपिणीकडे गेली. अण्णा महिन्यातून एकदा येत, पेटी तपासत, आणि चहा घेऊन सांगलीला परत जात.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी हिंदुराव म्हणाले, "दूध." मालनने हातातलं काम ठेवलं आणि पाण्यापासून सुरुवात केली. ते म्हणत राहिले, दूध, दूध, थोड्या थोड्या वेळाने. बाराव्या गोष्टीनंतर मधलं अंतर वाढलं. एकोणिसाव्यावर 'पाय' होतं. ती पायथ्याशी बसून तळवे चोळत होती तेव्हा तिला ते गार लागले. तिने वर पाहिलं. छाती यंत्राने वरखाली होतच होती, पण नाडी मोजायला बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा गेला होता.

ती उठली, भिंतीपाशी गेली आणि विसाव्या शब्दावर बोट ठेवलं. उरलेल्या बाराही गोष्टी तिने ओळीने, एकही न गाळता केल्या, आणि मग डॉक्टरांना फोन लावला.